कूर्मराजाचा डावा डोळा

कूर्माच्या राजाचा डावा डोळा एक पूर्णांक चार दशांश मिलिमीटर रुंद आहे. त्यातले बुबुळ अर्ध्या मिलिमीटरचे. वरच्या पापणीची रेघ नाकाकडून किंचित जाड सुरू होते आणि कानाकडे जाताना निमुळती होत होत जिथे संपते, तिथे ब्रशच्या एकाच केसाची खूण उरलेली दिसते. रेघ संपवण्यासाठी हात थांबलेला नाही. तो उचलता उचलता रेघ संपली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली हे सारे कळते. नुसत्या डोळ्यांना एवढेच दिसते की राजा आपल्याकडे पाहतो आहे, आणि आपण त्याला आवडलो आहोत.

हे पान दत्ताराम चितारी यांच्या गंजिफाच्या संचातले होते. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दहा अवतार, प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा चिन्हांची दहा पाने, सगळी मिळून एकशे वीस. सावंतवाडीत हे काम करणारी घरे आता फार थोडी उरली आहेत. त्यांच्या कामाची तपासणी करून त्याला हस्तप्रमाण, म्हणजे माणसाच्या हाताने केल्याचा दाखला, देणे ही माझी नोकरी. तपासायच्या जागा संगणक निवडतो, म्हणजे तपासणाऱ्याची आवडनिवड मध्ये येत नाही. त्या सकाळी त्याने पाच जागा निवडल्या: दोन मुकुट, एक शेला, कल्कीच्या घोड्याची शेपटी आणि कूर्मराजाचा डावा डोळा. या घरच्या कामातला डोळा त्याने निवडण्याची ही पहिलीच वेळ होती.

पहिल्या चार जागांवर दत्तारामकाका सापडले. डोळ्यात दुसरेच कोणीतरी होते.

हे कसे कळते ते सांगायला हवे. बारा वर्षांपूर्वी रंगकाम करणारे यंत्राचे हात इतके स्वस्त झाले की कोणत्याही चित्राची नक्कल दिवसाला शंभर या हिशेबाने निघू लागली. म्हाताऱ्या चिताऱ्याच्या हाताचा कंपसुद्धा ते यंत्र हुबेहूब उतरवी. खरे कुठले आणि नक्कल कुठली, हे खुद्द चिताऱ्यालाही सांगता येईना. तेव्हा कोणाच्या तरी ध्यानात आले की यंत्राला सगळे आहे, फक्त तोंड नाही.

बारीक काम करणारा चितारी ब्रशचे टोक ओठांत धरून निमुळते करतो. गुरूने शिकवले नाही तरी हात आपोआप तिकडे जातो. दर खेपेला थोडी लाळ रंगात मिसळते. पाणी उडून जाते; लाळेतली प्रथिने रंगातल्या डिंकात अडकून राहतात, आणि रंग टिकतो तोवर तीही टिकतात.

ती ओळखायची ती पेप्टाइडने. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, स्वतःभोवती घड्या घालून बसलेली. पेप्टाइड ही त्याच आम्लांची आखूड साखळी, आमच्या चाचणीतली बारा-पंधरा मण्यांची. एका ठरावीक प्रथिनाच्या ठरावीक खाचेत नेमकी बसेल अशी ती बनवलेली असते. तिच्या टोकाला एक रंगरेणू जोडतात. तो पाण्यात जेमतेम मिणमिणतो, पण पाण्यापासून आडोसा मिळाला की उजळतो. पेप्टाइड खाचेत बसले की रंगरेणूला तो आडोसा मिळतो. पत्त्याच्या कापडाला लावलेल्या चिंचोक्याच्या खळीतही प्रथिने असतात, पण त्यांत तशी खाच नसते; तिथे अंधारच राहतो. म्हणजे जिथे माणसाची लाळ, तिथेच उजेड.

लाळेत प्रथिनांचे एक कुटुंब असे आहे की ते माणसागणिक बदलते. त्यातले सहा प्रकार आम्ही पाहतो. प्रत्येक प्रकाराच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. सहा जोड्या, बारा ठिपके. ही झाली माणसाची पट्टी.

हस्तप्रमाणाचा कायदा आला आणि गंमत झाली. जन्मभर पाण्याच्या वाटीत ब्रश बुडवणारे लोक मुद्दाम तो चोखू लागले. लाकडी खेळणी कातणारे बापू एकदा आमच्या तपासणी केंद्रात येऊन गंभीरपणे विचारून गेले, "केतकीबाय, मी लाखेची कांडी चाटलंय तर चलात काय?" एका हुशार व्यापाऱ्याने यंत्राच्या पत्त्यांवर चक्क थुंकून पाहिले. पण त्याची लाळ फक्त वरवर होती. खऱ्या कामात ती रंगाच्या प्रत्येक थरात असते.

कूर्माच्या डोळ्यात ती प्रत्येक थरात होती.

पहिला संशय मी स्वतःवर घेतला. पान हाताळताना मी शिंकले असेन, बोलले असेन. माझी पट्टी जुळली नाही. केंद्रातल्या कोणाचीच जुळली नाही. मग मी मत्स्याचा राजा घेतला, वराहाचा प्रधान घेतला. पुन्हा तेच: कपड्यांवर काका, डोळ्यांत तो अनोळखी.

शेवटी मी दोन पेप्टाइडे निवडली. एक फक्त काकांकडे असलेला ठिपका ओळखणारे, हिरवे. दुसरे फक्त त्या अनोळखी माणसाचा ठिपका ओळखणारे, केशरी. दोन्ही पातळ जेलमध्ये मिसळून जेलचा पापुद्रा अजून लाख न चढवलेल्या पानांवर पसरला, आणि काळ्या कापडाच्या आडोशाखाली दिवा लावला.

मुकुट, शेले, छत्र्या, शंख मंद हिरव्या उजेडात उमटले. आणि त्यांच्या मध्ये डोळे केशरी. राजांचे, प्रधानांचे, घोड्यांचे. मत्स्याच्या दहा पानांवर मिळून पंचावन्न मासे असतात. त्या पंचावन्न माशांचे डोळेही केशरी. एकही चुकलेला नव्हता. मी कापडाखाली डोके घालून किती वेळ बसले होते ते मोजले नाही.

त्या आडोशाखालीच मला लहानपणच्या दुपारी आठवल्या. आमचे आणि चिताऱ्यांचे घर शेजारी शेजारी. जेवणे झाली की त्यांच्या स्वयंपाकघराचे दार बंद होई आणि काका आम्हा पोरांना दटावत, "आवाज करू नकात, काकी आडवी झाली हा." मथुराकाकी तासाभराने बाहेर येत. झोपून उठलेल्या माणसाचे डोळे जरा सुजलेले असतात, गालावर उशीची वळी असते. मथुराकाकींच्या गालावर कधीच वळी नव्हती.

नोंदपत्रात 'हात' असा रकाना असतो. एक हात असेल तर 'एकहस्त', दोन असतील तर 'द्विहस्त' आणि दोघांची नावे. दुसऱ्या माणसाने स्वतःच्या आवाजात संमती दिल्याशिवाय त्याचे नाव घालता येत नाही. संमती नसेल तर 'अनोळखी हात' असे लिहायचे, आणि मग मुख्य कलाकाराची नोंदणी चौकशी होईपर्यंत थांबते. यासाठी एकवीस दिवस मिळतात. हा संच राजधानीतल्या एका नव्या संग्रहालयाने मागवला होता, त्यांच्या एकहस्त दालनासाठी. सुरेख अक्षरातले मागणीपत्र आले होते आणि ते काकांनी देवाच्या फोटोशेजारी लावले होते.

चौथ्या दिवशी, चहाच्या वेळेला मी त्यांच्याकडे गेले.

काका पडवीत बसून चिंचोक्याची खळ घोटत होते. शहात्तर वर्षांचे, पण हात अजून निवांत. "काय गो केतकी, कूर्मान काय सांगितल्यान?"

"काका, डोळे तुमचे नाय."

घोटणे थांबले. काकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले, आणि मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "चाळीस वर्सां वाट बघतंय, कोण तरी इचारीत म्हणान! शेवटी यंत्रान इचारल्यान!"

मथुराकाकी कपबश्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. माझ्यापुढे कप ठेवून म्हणाल्या, "तुझा यंत्र चुकता काय?"

"चुकता. म्हणान मी तीनदा बघलंय."

"मगे चौथ्यांदा बघ."

"अगो, बघूक कित्याक होया?" काका म्हणाले. "केतकी, पयल्या वर्सा डोळे मीच काढी. सगळे राजे पोटात दुखतासा बघीत. गिऱ्हाईक म्हणा, देव रागावलो हा काय? मगे एका दुपारी हिना मत्स्याचे डोळे काढल्यान, आणि मी पयल्यांदा मासो हसताना बघलंय. तेव्हापासून दर संचाक सांगतंय, पाठीर तुझा नाव घाल. ही म्हणता, पुढच्या संचाक. सत्तावीस संच झाले!"

"तुमी खळ घोटा. गाठी होतले," काकी म्हणाल्या आणि आत गेल्या. मी कप उचलून त्यांच्यामागे गेले.

खिडकीखाली एक पाट होता. त्याच्याजवळ कोनाड्यात काजळाच्या डबीएवढी एक पत्र्याची डबी. काकींनी ती उघडून दाखवली. आत खारीच्या केसांचा एक ब्रश होता, मूठ काळी पडलेली, टोक सुईसारखे.

"लग्नाक तिसरा वर्स," त्या म्हणाल्या. "हयसरच बसललंय. समोर नरसिंह, ब्रश तोंडात. वर बघलंय तर सासू दारात. किती येळ उभी होती काय म्हायत. मगे म्हणाली, 'देवाचे डोळे उष्टे केलंस. केलंस तां केलंस. पण ह्यां भायर कोणाक कळता नये. माझ्या पाठी पण नाय.' माझो हात घेतल्यान आणि शब्द घेतल्यान. दुसऱ्या दिवशी ही डबी आणून दिल्यान. माका वाटला, तिच्या झिलाच्या, म्हणजे ह्येंच्या ब्रशाक माझा तोंड लागता नये म्हणान येगळो दिल्यान."

"आणि तुम्ही थांबला नाहीत."

"थांबूक ती म्हणाली खंय? सांगू नको म्हणाली." काकींनी डबी बंद केली. "चाळीस वर्सां मी उष्टा लपयलंय, आणि तू म्हणतंस तां दिव्यार चमकता."

मी त्यांना नोंदपत्राचे नियम समजावले. नाव घातले तर संच द्विहस्त होईल आणि बहुधा संग्रहालय तो परत करील. नाव घातले नाही तर 'अनोळखी हात', आणि काकांची नोंदणी अडकेल. तिसरी वाट एकच, संच दुरुस्तीसाठी मागे घेणे. तशी सवलत आहे.

"मगे मत्स्याचो राजा आणि वामनाचो प्रधान परत आण," काकी म्हणाल्या. "डोळे खरवडून नवे काढतंय. पाण्यान. तोंड लावणार नाय."

मी दोन्ही पाने आणून दिली. आठवड्याने मला बोलावणे आले. या खेपेला स्वयंपाकघराचे दार उघडे होते. पाटावर काकी, शेजारी पाण्याची वाटी, आणि काका चष्मा कपाळावर चढवून पानाकडे वाकून पाहत होते.

"केतकी, इलंस? बघ. ह्यो मत्स्य नाय. ह्यो तीन दिवसांचो बांगडो."

खरोखरच तसे होते. मोजमाप तेच, रंग तोच. पण पाण्याने ब्रशचे केस एकवटत नव्हते. पापणीची रेघ दोन्ही टोकांना सारखीच जाड आली होती. पाण्याने डिंक पातळ होतो आणि रंग पसरतो. लाळ जराशी चिकट असते, ती केसांनाही धरून ठेवते आणि रंगालाही. हे मला माहीत होते. तरी त्या डोळ्याकडे पाहून जे वाटले ते चिकटपणाच्या आकड्यात मांडता आले नसते.

"चार फेरा काढलंय," काकी म्हणाल्या. "मेलो जीव धरणा नाय."

"मी सांगतंय काय करूचा तां," काका म्हणाले. "ब्रश मी ओठात धरतंय. टोक झाला की तुझ्या हातात देतंय. तू काढ. म्हणजे डोळे तुझे आणि उष्टा माझा. यंत्र काय समाजतला?"

"काका, माझ्यासमोर बोलू नका," मी म्हटले. "मला लिहावे लागेल."

"मगे तू अंगणात जा आणि जास्वंदी बघ."

मी अंगणात गेले आणि जास्वंदी पाहिली. आतून काकांचा आवाज, "हां, धर!" मग काकींचा, "अहो, तंबाखू! तोंड तरी धुवायचात! वामनाच्या डोळ्यात तंबाखू घातलात!" मग दोघांचे हसणे. ते थांबेचना. मी परत आत आले तेव्हा काकी पदराने डोळे पुसत होत्या आणि वामनाच्या प्रधानाला कावीळ झालेली होती.

हसणे ओसरल्यावर काकी त्या बांगड्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी वाटीतले पाणी मोरीत ओतले.

"केतकी, अनोळखी लिही," त्या म्हणाल्या. "चौकशी येऊ दे. ह्येंका कोण फाशी देणा नाय."

 काकांनी चष्मा काढून मिटला, उघडला, पुन्हा मिटला. "अनोळखी," ते म्हणाले. "चाळीस वर्सां एका ताटात जेवलंव. माझा उष्टा तू खाल्लंस, तुझा मी. आणि कागदार लिहूचा, अनोळखी." ते उठून पडवीत गेले. काकी मान खाली घालून एकेक ब्रश पुसत बसल्या. नोंदणी थांबली तर काकांचे काम थांबेल, हे त्यांना कळत होते. पण त्या घरातली ती दुपार अडली होती एका मेलेल्या बाईला दिलेल्या शब्दापाशी, आणि तिथे माझे पेप्टाइड काय करणार?

जाताना मी विचारले, "काकी, डबी पुन्हा बघू?"

मी ब्रश भिंगाखाली धरला. मुठीवर अंगठ्याची जागा घासून खोलगट झाली होती. "हे तुमच्या हाताने झिजलेय?"

"नाय गो. माका दिल्यान तेव्हाच तसो होतो. टोक पण घोटलेला. पयल्याच दिवशी हातात बसलो, नवो वाटलोच नाय."

नवा ब्रश आठ-दहा वर्षे वापरल्याशिवाय मूठ अशी झिजत नाही. मी ते वाक्य मनात तसेच नेले आणि सायकलवर केंद्रात पोहोचेपर्यंत ते एका प्रश्नात बदललेले होते. ज्या सासूला रंगाला बसलेली कोणी कधी पाहिली नाही, तिच्याकडे झिजलेला ब्रश कुठून आला?

गावच्या जुन्या वाचनालयात काचेच्या कपाटात एक संच आहे: एकोणीसशे एकसष्ट साली रामचंद्र चितारी यांनी केलेला. रामचंद्र म्हणजे दत्तारामकाकांचे वडील. दुसरा हात सापडला असता त्या घराची जुनी कामे ताडून पाहण्याची मुभा नियमात आहे. ग्रंथपालांकडून मी दोन पानांची परवानगी काढली. त्यांच्यावर शेवटी चढवलेली लाख जागोजाग उडालेली होती, त्यामुळे जेल रंगापर्यंत पोहोचायला अडचण नव्हती. एक पट्टी मुकुटाची घेतली. एक डोळ्याची. ऐंशी वर्षांपूर्वीच्या लाळेतले ठिपके फिके होते, पण होते.

दोन पट्ट्या निराळ्या होत्या.

मग मी काकांची पट्टी त्यांच्याशेजारी ठेवली. उत्तर समोर दिसत असतानाही मी संपूर्ण चाचणी पुन्हा केली, कारण अशा वेळीच माणूस चुकतो.

विसाव्या दिवशी सकाळी मी त्यांच्या पडवीत बसले होते. काकांनी आणि काकींनी मधल्या काळात फारसे बोलणे केलेले नसावे. दोघांचे चहाचे कप पडवीच्या दोन टोकांना होते. मी खळीसाठी ठेवलेल्या परातीतून बारा चिंचोके घेतले आणि चटईवर सहा जोड्या मांडल्या.

"हे काका. प्रत्येक जोडीत एक वडिलांकडून आलेला, एक आईकडून." मी जवळच दोन वाट्या ठेवल्या. "ही वाटी म्हणजे वाचनालयातल्या राजाचा मुकुट. हा तुमच्या वडिलांचा हात, सहीसुद्धा त्यांचीच आहे. मुकुटात तुमचे इतके सापडले." प्रत्येक जोडीतला एक चिंचोका मी उचलून त्या वाटीत टाकला. सहा आवाज झाले. चटईवर सहा उरले.

"आणि ही वाटी त्याच राजाचे डोळे." उरलेले सहाही मी दुसऱ्या वाटीत टाकले. चटई रिकामी झाली.

काकी आधी समजल्या. त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

"लाळ बाईची की पुरुषाची हे मला सांगता येत नाही," मी म्हटले. "पण वडिलांकडून न आलेले सहाच्या सहा डोळ्यांत आहेत. ते आईकडूनच येतात."

"आये?" काका म्हणाले. त्यांनी रिकाम्या चटईवरून हात फिरवला. मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला, पोराचा असतो तसा. "बाबा आमका दटावीत. दुपारचा. 'आवाज करू नकात, आये आडवी झाली हा.'"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे. हेच वाक्य मी त्यांच्याच तोंडून ऐकत मोठी झाले होते, आणि ते कुठून शिकले याचा विचार त्यांनीही आजपर्यंत केला नव्हता.

मथुराकाकी उठल्या. आत जाऊन डबी घेऊन आल्या आणि ब्रश बाहेर काढून त्यांनी अंगठा त्या खोलगट जागेवर ठेवला. "तिचो," त्या म्हणाल्या. "माका वाटला तिका किळस इली. दारात उभी ऱ्हवान ती नरसिंहाचो डोळो बघी होती! बरो काढलंय काय तां बघी होती!" आणि त्या हसू लागल्या. आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत. "मेली! स्वतः उष्टा केल्यान आणि माका शब्दात बांधल्यान!"

"तिकाय कोणी तरी बांधलेला असतला," काका म्हणाले.

"असतला." काकी शांत झाल्या. काकांच्या कपात बोट बुडवून त्यांनी पाहिले. "थंड झाली. दुसरी करतंय." पण त्या उठल्या नाहीत. "केतकी, कागद आणलंस?"

मी नोंदपत्राची पाटी पुढे केली. संमती आवाजातच द्यावी लागते. कोपऱ्यातला लाल ठिपका लागला की पाटी ऐकते. तो लावण्याआधी मी म्हटले, "काकी, द्विहस्त झाला तर संच परत येईल. त्या दालनात एकाच हाताचे काम लागते."

"येऊ दे. सत्तावीस संच केले आणि घरात खेळूक एक पण नाय."

"तुका खेळूक येता खंय?" काका म्हणाले.

"तुमका हरवण्याइतक्या येता." त्यांनी काकांच्या कपाळावर चढलेला चष्मा काढून त्यांच्या हातात दिला, जणू आता खेळच मांडायचा होता. "वाचनालयातल्या संचाक असो कागद आसा काय?"

"आहे. वारसाने संमती दिली की झाले."

"वारस आसा नाय काय हयसर, चाय नाय म्हणान रुसललो?" काकांनी मान डोलावली. "मगे आधी तो घे. पयला तिचा नाव. तिका राग इलो तर वर गेल्यार मी बघून घेतंय."

मी दोन्ही नोंदपत्रे उघडली आणि लाल ठिपका लावला. "वारस दत्ताराम. माझी संमती आसा, नावा ही सांगतली," काका म्हणाले. काकींनी पदर खांद्यावर नीट घेतला. परातीतल्या चिंचोक्यांवर एक माशी बसली होती, ती त्यांनी हाताने उडवली. मग त्या सावकाश बोलू लागल्या, पापणीची रेघ काढावी तशा, न थांबता.

"एकसष्ट सालचो संच. पयलो हात, रामचंद्र चितारी. दुसरो हात, भागीरथी रामचंद्र चितारी. काम, डोळे." एक श्वास घेतला. "आता आमचो. पयलो हात, दत्ताराम रामचंद्र चितारी. दुसरो हात, मथुरा दत्ताराम चितारी. काम, डोळे."